कार्पेट ओलं, गळती दारातून: डोअर पॅड घरीच काढून परत बसवल्याचं पूर्ण प्रकरण

गाडी धुतली किंवा रात्री जोराचा पाऊस झाला की ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या पायाकडचं कार्पेट ओलं व्हायचं. सुरुवातीला मी ते एसीचं पाणी समजले, कारण एसीचा कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत बऱ्याच गाड्यांत त्याच बाजूला असतो, त्यावर जमलेलं पाणी एका नळीतून गाडीखाली पडतं आणि ती नळी चोंदली की तेच पाणी आत कार्पेटवर उतरतं, म्हणजे संशय अगदीच चुकीचा नव्हता. पण चार दिवस कोरड्या हवेत रोज तासभर एसी लावून गाडी चालवली तर नवीन पाणी काही आलं नाही. मग एका सकाळी भावाला आत बसवलं, सगळी दारं बंद केली आणि बाहेरून फक्त त्या एका दाराच्या काचेवर मगाने हळूहळू पाणी ओतलं, टपावर नाही, पुढच्या काचेवर नाही. आतून त्याने दाराच्या उंबऱ्यावर वर्तमानपत्राची घडी ठेवली होती. पाचव्या मगाला तो आतून ओरडला, "ताई, कागद भिजला, पॅडच्या खालून येतंय!"

आता दाराची रचना आधी सांगते, कारण ती डोक्यात बसली की पुढचं सगळं आपोआप कळतं. दाराच्या आत पाणी जाणं हे बिघाडाचं लक्षण नाहीच. काच जिथे दारात उतरते तिथलं बाहेरचं बीडिंग, म्हणजे रबराची पट्टी, काच पुसतं, पण पाणी पूर्ण अडवत नाही, म्हणून प्रत्येक पावसात थोडं पाणी काचेवरून घसरत दाराच्या पोकळीत जातं आणि तळाशी असलेल्या दोन-तीन छोट्या भोकांतून खाली रस्त्यावर पडतं. दाराचा आतला पत्रा मात्र सलग नसतो, त्याला मोठाली भोकं असतात कारण काच वर-खाली करणारी मशीन, दार अडकवून धरणारा लॅच, स्पीकर हे सगळं तिथून हात घालून बसवायचं असतं. त्या भोकांवर एक प्लास्टिकची किंवा फोमची शीट काळ्या चिकट ब्यूटिलने (एक प्रकारचं रबर) चिकटवलेली असते. ती शीट म्हणजे दाराची ओली बाजू आणि गाडीची कोरडी बाजू यांच्यातली भिंत. आपण ज्याला डोअर पॅड म्हणतो, कापड नाहीतर रेक्झिन लावलेलं, हात टेकवायचं, ते फक्त त्या भिंतीवरचं झाकण आहे, पाणी अडवायचं काम त्याचं नाही. त्यामुळे पॅडच्या खालून पाणी आलं याचा अर्थ जवळपास एकच निघतो, की शीट फाटली आहे किंवा सुटली आहे.

आणि शीट सुटायचं कारणही माझ्याकडे होतं. ही गाडी मी वापरलेली घेतली, आधीच्या मालकाने चारही दारांत कंपनीचे नसलेले, बाजारातून घेतलेले स्पीकर बसवून घेतले होते. म्हणजे कोणीतरी ही पॅडं एकदा काढलेली होती.

काम करायच्या आधी दोन गोष्टी केल्या, दोन्हीमुळे पुढचा त्रास वाचला. पहिली, काच पूर्ण वर नेली आणि मगच बॅटरीचा निगेटिव्ह काढला. उलट केलं की काच अर्ध्यात अडकून बसते. आणि किल्ली खिशात ठेवली, गाडीच्या आत नाही. दुसरी, गाडीचं मॅन्युअल काढून एअरबॅग कुठे कुठे आहेत ते पाहिलं. काही गाड्यांत साइड एअरबॅग दारातच असते, आणि तसं असेल तर ते पॅड घरी उघडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. माझ्या गाडीत ती सीटमध्ये आहे, पण दारात एक प्रेशर सेन्सर आहे. गाडीला बाजूने ठोकर बसली की बाहेरचा पत्रा आत दबतो, दारातली हवा क्षणात दाबली जाते आणि तो सेन्सर ते ओळखतो. म्हणूनच निगेटिव्ह काढल्यावर मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबले, आणि कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, सुटलेला असताना इग्निशन एकदाही ऑन केलं नाही, नाहीतर एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो घालवायला बऱ्याच गाड्यांत गॅरेजमधला बिघाड वाचणारा स्कॅनर जोडावा लागतो. आणखी एक, हा सेन्सर दारातल्या हवेच्या दाबावर चालतो, तेव्हा शीटला पडलेलं भोक हा फक्त पाण्याचा प्रश्न उरत नाही. हे वाचल्यावर मी टेप मारून वेळ निभावायचा विचार सोडून दिला.

हत्यारं फार लागली नाहीत. प्लास्टिकच्या चपट्या पट्ट्यांचा सेट, स्टार स्क्रूड्रायव्हर, टॉर्क्सचे (सहा टोकांच्या खाचेच्या स्क्रूसाठीचे) दोन बिट, बॅटरीसाठी १० चा पाना, मास्किंग टेप, टॉर्च आणि स्क्रू ठेवायला खणांचा डबा. पट्टी जिथे जिथे टेकणार तिथे दाराच्या रंगावर आधीच मास्किंग टेप लावून घेतली.

स्क्रू शोधणं हे या कामातलं निम्मं काम आहे, आणि माझी चूकही इथेच झाली. एक स्क्रू दार उघडायच्या हँडलच्या मागे होता, त्यावर नखाएवढं झाकण होतं, कडेला बारीक खाच, पट्टीचं टोक घातलं की टप्पकन निघालं. दुसरा आणि तिसरा दार ओढून घ्यायच्या खोलगट जागेत, तळाला रबराची चटई होती तिच्या खाली. आरशाच्या आतल्या बाजूचा तिकोनी तुकडा नुसता ओढून निघाला, त्यात ट्विटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, होता, त्याचा कपलर सोडला. काचेच्या बटणांची पट्टी मागच्या टोकाकडून उचकटून वर घेतली, खाली दोन कपलर, तेही सोडले. कपलर सोडताना वायर ओढायची नाही, त्याच्या अंगावर एक छोटी जीभ असते ती अंगठ्याने पूर्ण दाबून धरायची आणि कपलरचं अंगच धरून मागे घ्यायचं. जीभ दबली की तो अगदी सहज सुटतो, जोर लावावा लागत असेल तर जीभ अजून अडकलेलीच आहे.

स्क्रूंशिवाय पॅडच्या कडेने प्लास्टिकच्या क्लिपा असतात, त्या पत्र्याच्या भोकांत दाबून बसलेल्या असतात. त्या सोडवायला खालच्या कोपऱ्यातून पट्टी आत सरकवली. पट्टी क्लिपच्या जितकी जवळ तितकं चांगलं, दोन क्लिपांच्या मधे रेटलं तर पॅड वाकतं आणि क्लिप तिथेच राहते. पहिली क्लिप निघाली, ठक्क. दुसरी, तिसरी, मग पुढच्या उभ्या कडेच्या दोन. मागची कडही वरून मोकळी झाली आणि मागचा खालचा कोपरा मात्र हलेना. मला वाटलं क्लिप घट्ट असेल, जुनी गाडी, धूळ बसली असेल, म्हणून दोन्ही हातांनी धरून ओढलं. कर्रकन आवाज आला. थांबून टॉर्च मारली तर त्या कोपऱ्याजवळ, दार उघडल्यावर कडेला दिसतो त्या लाल रिफ्लेक्टरच्या मागे चौथा स्क्रू होता. रिफ्लेक्टर नुसता दाबून बसवलेला. स्क्रू दोन मिनिटांत निघाला, पण तोपर्यंत पॅडवर बोटभर लांबीचा पांढरा चरा उठला होता, प्लास्टिक दुमडलं की ते पांढरं पडतं तसा, आणि मागच्या बाजूला क्लिप ज्यात सरकवून बसवतात ते एक घर तडकलं होतं.

या एका क्षणाबद्दल जरा जास्त लिहिते, कारण घरी पॅड काढणाऱ्या माणसाचं नुकसान होतं ते बहुतेक इथेच. क्लिप आणि स्क्रू यांचा विरोध हाताला वेगवेगळा लागतो. क्लिप असेल तर पॅड थोडं ताणतं, पट्टी जवळ नेली की ताण वाढतो आणि एकदम सुटतो. स्क्रू असेल तर पॅडची कड सगळीकडून उचलते, पण एका बिंदूभोवती ते फिरल्यासारखं वाटतं, जणू तिथे खिळा ठोकलाय, आणि पट्टी कितीही जवळ नेली तरी फरक पडत नाही. असं फिरल्यासारखं जाणवलं की हात काढायचा आणि त्या बिंदूच्या आसपास प्रत्येक झाकण, दिवा, रिफ्लेक्टर, कप्प्याचा तळ, रबराचा तुकडा उचलून बघायचा. आपल्याच मॉडेलचं, त्याच वर्षाचं मॅन्युअल हाताशी असेल तर आणखी चांगलं, कारण एकाच गाडीच्या दोन व्हेरियंटमध्ये स्क्रूच्या जागा बदलू शकतात. माझ्या गाडीला पॉवर विंडो आहेत, पण हाताने फिरवायची काच असेल तर त्या हँडलच्या मागे घोड्याच्या नालेसारखी स्प्रिंगची क्लिप असते, हँडल आणि पॅडच्या मधे कापडाची पट्टी घालून दोन्ही टोकं धरून इकडून तिकडे ओढत राहिलं की ती निघते. निघते ती उडतेच, म्हणून दुसरा हात वरून धरायचा.

सगळ्या क्लिपा सुटल्यावरही पॅड सरळ बाहेर येत नाही. वरची कड काचेच्या फटीत आकड्यासारखी अडकलेली असते, त्यामुळे आधी सरळ वर उचलायचं, मग आपल्याकडे घ्यायचं. माझ्या हातात ते वजन आलं आणि मी मागे सरकायला लागले तर भाऊ म्हणाला, "ताई थांब थांब, केबल ताणतेय." बरोबर होतं त्याचं. दार उघडायच्या हँडलपासून लॅचपर्यंत जाणारी केबल पॅडलाच जोडलेली होती. तिचे दोन भाग असतात, बाहेरचं आवरण प्लास्टिकच्या एका खोबणीत टक करून बसतं आणि आतल्या तारेच्या टोकाला मण्यासारखी गोळी असते ती हँडलच्या आकड्यात फिरवून घालतात. आधी आवरण खोबणीतून मागे काढलं, त्याने तार सैल झाली, मग गोळी आडवी करून काढली. त्याच्या आधी दोन फोटो घेतले, एक समोरून आणि एक खालून. फोटो कितीही घेतले तरी जास्त होत नाहीत, पण या जागेचा घेतलाच पाहिजे. पॅडच्या खाली पायाकडच्या दिव्याचाही एक कपलर होता, तोही सुटला आणि पॅड जुन्या चादरीवर पालथं ठेवलं.

आतलं दृश्य बघून वाईट वाटलं. कंपनीची शीट होती, पण स्पीकरच्या भोवती तळहाताएवढा तुकडा कापून टाकलेला, खालची कड सगळी सुटून पुढे लोंबत होती आणि तिला तीन ठिकाणी पॅकिंगची तपकिरी टेप मारलेली, जी कधीच सुटून गेली होती. नव्या स्पीकरची वायर शीटला उभी चीर देऊन बाहेर काढली होती आणि ती वायर वरून खाली सरळ उतरत होती. पाणी वायर धरून वाहतं. दारातला प्रत्येक थेंब त्या वायरवरून चालत चिरेतून बाहेर, तिथून पॅडच्या पाठीवर आणि पॅडच्या पाठीवरून उंबऱ्यावर. पॅडच्या मागे त्या पाण्याचे वाळलेले ओघळ स्पष्ट दिसत होते, चहाच्या डागासारखे, आणि ते सगळे त्या चिरेपासूनच सुरू होत होते. स्पीकर बसवणाऱ्याला शीट नीट सोडवायला आणि परत चिकटवायला पंधरा-वीस मिनिटं जास्त लागली असती. त्याने ती वाचवली आणि गाडी दोन पावसाळे आतून भिजत राहिली, मला याचा खरंच राग आला.

तळाची भोकंही बघितली. एक चिखलाने आणि कुजलेल्या पानांच्या चुऱ्याने बंद होतं. केबल टाय आत-बाहेर केल्यावर आधी काळा चिखल आणि मग अर्धा कप तरी पाणी बाहेर आलं. तिथे तार किंवा स्क्रूड्रायव्हर घालू नये, आतला रंग खरवडला की तिथूनच गंज सुरू होतो.

शीटसाठी दोन पर्याय होते, जुनी ठिगळ लावून वापरायची किंवा नवी कापायची. मी नवी कापली, जाड पॉलिथिनची, जुनी शीट वर ठेवून मार्करने आकार काढून घेतला. जुनं ब्यूटिल काढायला वेळ लागला. ऊन असलं की ते च्युइंगमसारखं तार धरतं आणि हाताला, कपड्याला, सगळीकडे लागतं, सावलीत गार झाल्यावर मात्र त्याच ब्यूटिलचा गोळा करून टप टप टेकवत गेलं की जुनं आपोआप त्याला चिकटून निघतं. उरलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. नवी ब्यूटिलची दोरी लावताना उलटं, पत्रा थोडा कोमट असेल तर पकड चांगली येते. दोरी सलग फिरवायची, जोड खालच्या कडेला द्यायचा नाही, आणि जिथे दोन टोकं मिळतात तिथे दोन बोटं एकावर एक चढवायची. शीटची सगळ्यात खालची कड मात्र पत्र्याच्या बाहेर न ठेवता तिथल्या लांबट फटीतून दाराच्या आत खोचली, माझ्या गाडीत मूळची तशीच होती, म्हणजे शीटवरून ओघळणारं पाणी परत पोकळीतच पडतं.

सिलिकॉन लावायचा सल्ला मला दोघांनी दिला होता. मी ऐकला नाही. साधं सिलिकॉन, ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते, सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं, ते पत्र्याला आणि कपलरच्या पिनांना चांगलं नाही. शिवाय पुढच्या वेळी काचेची मशीन बिघडली की शीट फाडल्याशिवाय आत जाता येणार नाही. ब्यूटिल कायम चिकट राहतं, उघडता येतं, परत दाबता येतं, त्या जागेसाठी तेच योग्य आहे.

वायरला आता चीर न ठेवता शीटच्या वरच्या भागात एक लहान भोक पाडलं, वायरभोवती ब्यूटिलची गोळी दाबली आणि दाराच्या आत वायरला एक खाली झुकलेला झोका दिला. पाणी झोक्याच्या सगळ्यात खालच्या जागेपर्यंत येतं आणि तिथून टपकतं, वर चढून भोकापर्यंत जात नाही. दाराच्या आतल्या जवळपास प्रत्येक वायरला हे लागू आहे.

पॅड बसवायच्या आधी, फक्त शीट लागलेली असताना, परत काचेवर पाणी ओतलं. हे केलं नसतं तर दुसरी गळती सापडलीच नसती. शीट कोरडी राहिली, पण स्पीकरच्या रिंगच्या खालून एक थेंब आला, मग दुसरा. मी टिश्यू पेपर कडेने फिरवत गेले तर घड्याळातल्या पाच ते सातच्या मधे तो ओला व्हायचा. रिंग आणि पत्रा यांच्यात गॅस्केट, म्हणजे फट बंद करणारी मऊ पट्टी, नव्हतंच. चार स्क्रू काढून रिंगच्या मागे बंद पेशींच्या फोमची पट्टी गोल लावली. साधा स्पंज इथे चालत नाही, तो पाणी पिऊन धरून ठेवतो. त्यानंतर दहा मग पाणी ओतलं, टिश्यू कोरडा.

तडकलेल्या घराचं काम यापेक्षा किचकट होतं. पॅडच्या मागे साच्यातच अक्षरं उठवलेली असतात, प्लास्टिक कोणतं ते सांगणारी. माझ्या पॅडवर पीपी होतं, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. हे आधी बघा, कारण पीपीला इन्स्टंट ग्लू किंवा साधं इपॉक्सी धरतच नाही, दुसऱ्या दिवशी सालीसारखं सुटून येतं. एबीएस असेल तर इपॉक्सीने काम होतं. मी सोल्डरिंग आयर्नने तडा दोन्ही बाजूंनी वितळवून जोडला आणि वरून पीपीच्याच एका डब्याच्या झाकणाची पट्टी वितळवून चढवली. खिडक्या उघड्या ठेवून, तोंड लांब ठेवून, आणि टोक खोल न घालता, कारण पलीकडे लगेच पॅडचं कापड आहे. पांढऱ्या चऱ्यावर हेअर ड्रायरने दुरून गरम हवा मारली, पूर्ण गेला नाही पण आता बोट ठेवून दाखवल्याशिवाय कोणाला दिसत नाही.

एकूण नऊ क्लिपांपैकी दोन पत्र्यातच राहिल्या होत्या आणि त्यातल्या एकीचे पाय मोडले होते. जुन्या क्लिपा पत्र्यात तशाच ठेवून वरून पॅड ठोकायचं नाही, सगळ्या काढून पॅडच्या घरांत सरकवून मगच पॅड चढवायचं. नवीन घेताना भोकाचा व्यास, क्लिपच्या मानेची जाडी आणि पायांची लांबी कॅलिपरने मोजून घेतली, माझी भोकं ८ मिमीची निघाली. नुसत्या दिसण्यावरून घेतलेली क्लिप अर्धा मिमी जाड असली तरी पुढच्या वेळी निघताना घर उपटून घेऊन येते.

बसवताना क्रम असा ठेवला. भावाने पॅड गुडघ्यावर टेकवून धरलं, मी आधी केबलची गोळी आकड्यात घातली, मग आवरण खोबणीत दाबलं, मग दिव्याचा कपलर लावला आणि बटणांचे कपलर त्यांच्या भोकातून बाहेर ओढून घेतले. वरची कड काचेच्या फटीत पूर्ण लांबीभर बसवली, बीडिंगची जीभ आत दुमडली नाही ना ते बोट फिरवून पाहिलं, आणि मग पॅड वरून खाली दाबलं. आता क्लिपा अजून दाबायच्या नाहीत. पॅड सैल असतानाच बॅटरी जोडली, काच, लॉक, आरसा, ट्विटर, सगळं चालवून बघितलं.

मग ती चाचणी, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसले असं म्हटलं तरी चालेल. दार उघडंच ठेवून लॅचमधला तो फिरणारा दात स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने आत ढकलला, दोनदा टक टक झालं, म्हणजे लॅचला वाटलं दार बंद झालं. मग आतलं हँडल ओढलं. काहीच झालं नाही. परत ओढलं, हँडल सैल, पोकळ, दात तसाच बंद. बाहेरच्या हँडलने तो उघडला, आतल्याने नाही. पॅड थोडं पुढे घेऊन टॉर्च मारली तर केबलचं आवरण खोबणीत अर्धंच बसलं होतं, त्यामुळे तारेला मिळायला हवा तो ताण आवरणाच्या सरकण्यातच जात होता. अंगठ्याने जोरात दाबल्यावर टक्क असा आवाज आला, जो पहिल्यांदा आलाच नव्हता. परत दात ढकलला, आतून ओढला, उघडला, बाहेरून ओढला, उघडला, लॉक करून बघितलं, पाच-सहा वेळा.

हे दार बंद केल्यावर कळलं असतं तर बाहेरच्या हँडलने उघडता आलं असतं, पण आत बसलेल्या माणसाला अपघातात उघडता आलं नसतं. आणि दोन्ही हँडलं चालत नसतील तर बंद दाराचं पॅड काढणं किती अवघड होतं, स्क्रू दाराच्या कडेला असले तर ते दिसतही नाहीत. लॅच, केबल, लॉकची मोटर यातल्या कशालाही हात लागला असेल तर उघड्या दारावर ही चाचणी झाल्याशिवाय ते दार लावू नका, मनापासून सांगते.

क्लिपा तळहाताने दाबल्या, प्रत्येकीच्या बरोबर समोर हात ठेवून, वरून खाली. नऊ वेळा आवाज यायला हवा, आठ वेळा आला. नववीच्या जागी परत मारलं असतं तर ती मोडली असती, म्हणून तो कोपरा सोडवून पाहिलं, क्लिप घरात तिरकी झाली होती आणि भोकाच्या कडेवर टेकत होती, सरळ केली आणि बसली. स्क्रू आधी सगळे हाताने दोन-तीन आटे लावले आणि मगच आवळले. ज्या स्क्रूची पकड प्लास्टिकमध्ये आहे तो आधी उलटा फिरवायचा, एका जागी तो किंचित खाली उतरल्यासारखा लागतो, तिथून सुलटा फिरवला की जुन्याच आट्यात जातो, नाहीतर नवीन आटे कापतो आणि दोन-तीन वेळात भोक ढिलं होतं. शेवटी रिफ्लेक्टर, झाकण, चटई, तिकोनी तुकडा. बॅटरी काढल्यामुळे काचेचं वन टच, म्हणजे एकदा बटण दाबलं की काच आपोआप पूर्ण जाणं, गाडी विसरली होती, काच पूर्ण खाली नेली, मग पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवलं, परत चालू झालं, पण ही पद्धत प्रत्येक गाडीची वेगळी असते तेव्हा मॅन्युअल बघा.

दुसऱ्या दिवशी खडबडीत रस्त्यावर दारातून बारीक टकटक. आधी नव्हती. हाताने पॅड दाबून धरलं तरी थांबेना, म्हणजे क्लिप सैल नव्हती, आतलं काहीतरी होतं. संध्याकाळी परत काढलं, या वेळी दहा मिनिटं लागली, चारही स्क्रू कुठे आहेत ते माहीत होतं. ट्विटरच्या वायरचा कपलर जोडलेला होता, पण कशाला बांधलेला नसल्यामुळे पत्र्यावर आपटत होता. त्याच्यावर फेल्टची कापडी टेप दोन वेढे गुंडाळली, वायर गाडीच्या मूळ वायरींच्या जुडग्याला बांधली, आणि हाताशी आहेच म्हणून पॅडच्या कप्प्याची कड जिथे पत्र्याला घासत होती तिथेही एक पट्टी लावली. टकटक गेली.

कार्पेटचं काम मात्र राहिलं होतं. वरून ते एका दिवसात कोरडं वाटतं, पण खाली जाड फोम असतो आणि तो आठवडाभर ओला राहतो. उंबऱ्याची पट्टी काढून कार्पेट उचललं, खाली लाकडी ठोकळे लावले, पंखा लावून ठेवला, चौथ्या दिवशी फोम पिळला तरी पाणी यायचं थांबलं. त्याच्या खाली वायरिंगचे दोन कपलर होते, एकाच्या पिनांवर हिरवट थर चढला होता, तो कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ केला. त्यानंतर दोन मोठे पाऊस झाले, उंबऱ्यावरचं वर्तमानपत्र दोन्ही सकाळी कोरडं होतं. बाकीच्या तीन दारांतही त्याच हाताने बसवलेले स्पीकर आहेत, म्हणून मागचं डावं दार येत्या सुट्टीच्या दिवशी उघडतेय, ब्यूटिलची अर्धी दोरी आणि सहा क्लिपा शिल्लक आहेत, आणि या वेळी पट्टी हातात घ्यायच्या आधी रिफ्लेक्टर काढणार आहे.